घरचा संगणक : प्रत्येक खोली झाडावी

दिल्ली-नोएडाच्या लहान सदनिकांतून पुष्कळदा एकच संगणक सारे कुटुंब वापरते. खाती मात्र निरनिराळी. मुलाने उतरविलेल्या खेळाबरोबर शिरलेला उपद्रव वडिलांच्या बँकव्यवहारापर्यंत पोहोचू शकतो. साध्या खात्यातून चालविलेल्या तपासणीस इतरांच्या फायली दिसतीलच असे नाही. म्हणून व्यवस्थापकाच्या खात्यातून संपूर्ण तपासणी करावी. नंतर प्रत्येक खाते उघडून ब्राउझरमधील अनोळखी जोडण्या काढाव्यात, कारण त्या खात्यागणिक वेगळ्या असतात. दिल्लीतील 'सर्ट-इन' ही शासकीय संस्था चालवीत असलेल्या, २०१७ साली सुरू झालेल्या सायबर स्वच्छता केंद्राची साधने विनामूल्य मिळतात. दोष आढळल्यास बँकेचा परवलीचा शब्द दुसऱ्या निर्दोष यंत्रावरून तत्काळ बदलावा. मुलांवर रागावू नये. त्यांना साधे खाते द्यावे व व्यवस्थापकाची किल्ली वडीलधाऱ्यांनी जपावी.