रद्दीच्या तराजूआधी

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीतील एका निवृत्त शिक्षकांचे घर पाडून तेथे इमारत उभी राहावयाची होती. गुरुजी हयात नव्हते. मुले नोकरीनिमित्त दूर. भांडीकुंडी वाटली गेली, लाकूडसामान विकले गेले आणि शेवटी उरली ती तीन कपाटे भरून पुस्तके. ती कोणालाच नको होती. मी पोहोचलो तेव्हा अंगणात रद्दीवाल्याचा तराजू टांगला गेला होता. भाव होता किलोला बारा रुपये. गुरुजींचे पन्नास वर्षांचे वाचन तासाभरात पोत्यांत गेले.

आठवड्याने त्यांतीलच काही पुस्तके मला औरंगपुऱ्यातील एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे पुन्हा भेटली. त्याने ती रद्दीच्या गोदामातून एकेक निवडून आणली होती, धूळ झटकली होती, सुटलेली पाने खळीने चिकटवली होती. त्यांत एक पातळ पुस्तिका होती. छपाईचे वर्ष फसली सनात, किंमत हाली सिक्क्यात. म्हणजे निजामी अमलात, हैदराबाद संस्थानात छापलेले मराठी पुस्तक! विक्रेत्याने तीनशे रुपये सांगितले. माझ्याबरोबरचे स्नेही संतापले. "दीड-दोन रुपयांची रद्दी आणि तीनशे रुपये? ही शुद्ध लूट आहे," असे म्हणून ते चालू लागले. प्रस्तुत लेख म्हणजे त्यांच्या त्या वाक्याला दिलेले उत्तर आहे.

त्या पुस्तिकेचे मोल समजावयाचे तर थोडे मागे जावे लागेल. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ मध्ये छापखाने व पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा झाला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात दाखल करण्याचे बंधन त्यामुळे आले. मुंबई-पुण्याच्या जुन्या मराठी पुस्तकांचा माग आज काढता येतो, त्याचे बरेचसे श्रेय या कायद्याला आहे. परंतु तो निजामाच्या संस्थानाला लागू नव्हता. तेथे राज्यकारभार आणि उच्च शिक्षण यांची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. अशा वातावरणात मराठवाड्यात जे मराठी छापले गेले ते थोडे, अल्प प्रतींत आणि अनेकदा पदरमोड करून. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. पुस्तकांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना देणे बंधनकारक करणारा स्वतंत्र भारताचा कायदा १९५४ चा. त्यापूर्वीचे मराठवाड्यातील एखादे पुस्तक कोणत्याही सरकारी कपाटात नसणे सहज शक्य आहे. शं. ग. दाते यांनी अपार कष्टाने सिद्ध केलेली 'मराठी ग्रंथसूची' १८०० ते १९५० या काळातील मुद्रित पुस्तकांचा मागोवा घेते. पण सूचीकाराच्या दृष्टीस जे पुस्तक पडलेच नाही, त्याची नोंद तो कशी करणार? अशा पुस्तकाची अखेरची प्रत एखाद्या गुरुजींच्या कपाटातच असू शकते. ते कपाट रिकामे झाले की आपल्या प्रांताच्या स्मृतीचे एक पान कायमचे गळते.

येथे जुन्या पुस्तकांचा विक्रेता उभा असतो. रद्दीवाला वजन पाहतो, विक्रेता शीर्षकपान पाहतो. शकात ७८ मिळवावे, फसली सनात ५९० मिळवावे, म्हणजे इसवी सन हाती येतो. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येण्यापूर्वीचे असण्याचा संभव अधिक. हे गणित त्याला कोणत्याही विद्यापीठाने शिकविलेले नसते. शंभर पुस्तकांतून दहा निवडायची, त्यांतील दोन-तीन विकली जाणार, उरलेली पावसाळ्यात वाळवीपासून सांभाळायची आणि एखाद्या पुस्तकासाठी योग्य वाचकाची वर्षानुवर्षे वाट पाहायची, हा त्याचा व्यवसाय. तीनशे रुपयांत कागदाची किंमत नगण्य आहे. उरलेली किंमत ओळखण्याची, सांभाळण्याची आणि वाट पाहण्याची आहे.

आपल्या विद्वानांनी हे ऋण जाणले होते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या कागदपत्रांसाठी गावोगावची दारे ठोठावली, म्हणून १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रकाशात येऊ शकली. डॉ. रा. चिं. ढेरे यांचा प्रचंड ग्रंथसंग्रह जुन्या बाजारांतून आणि रद्दीच्या ढिगांतून घडत गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला शिकत असताना पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हिंडत. तेथे त्यांनी सुमारे दोन हजार जुने ग्रंथ जमविल्याची नोंद त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी केली आहे. त्यांतील थोडेच भारतात पोहोचले. पुढे १९१७ मध्ये लंडनहून परतताना वेगळ्या बोटीने पाठविलेले त्यांचे ग्रंथ महायुद्धातील पाणतीराने समुद्रात गेले. तरीही ग्रंथ जमविणे त्यांनी सोडले नाही. याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये आपल्या शहरात महाविद्यालय उभारले, ते आजचे मिलिंद महाविद्यालय. गरीब विद्यार्थ्याला मोठा ग्रंथ परवडतो तो जुन्या पुस्तकांच्या दुकानातच, हे सत्य तेव्हाही होते आणि आजही आहे.

मात्र ही दुकाने टिकावीत यासाठी आपण काय केले? मुंबईत काळबादेवी रस्त्यावरील १९०५ चे 'न्यू अँड सेकंडहँड बुक शॉप' शतक ओलांडून २०११ मध्ये बंद झाले. फोर्टातील पदपथावरच्या ग्रंथविक्रेत्यांवर २००५ मध्ये महापालिकेची कारवाई झाली. दिल्लीच्या दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने पदपथावरून उठला आणि त्याला दुसरी जागा शोधावी लागली. पादचाऱ्यांना वाट हवी, हे मान्यच आहे. पण रस्ता मोकळा करताना पुस्तकवाल्याला पर्यायी जागा देणे हेही नगरनियोजनच नव्हे काय?

शासनाने पुस्तकांसाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ४ मे २०१७ रोजी महाबळेश्वरजवळील भिलार हे 'पुस्तकांचे गाव' झाले. पुढे योजनेच्या विस्तारात आपल्या जिल्ह्यातील वेरूळचाही समावेश झाला. उपक्रम स्तुत्यच आहे. पण ज्या गावावरून ही प्रेरणा घेतली, ते वेल्सच्या सीमेवरील 'हे-ऑन-वाय' नावारूपाला आले ते जुन्या पुस्तकांच्या खरेदी-विक्रीवर. रिचर्ड बूथ नावाच्या माणसाने १९६० च्या दशकारंभी तेथे जुन्या पुस्तकांचे दुकान थाटले आणि त्यामागून इतरांची दुकाने उभी राहिली. आपण त्या गावाचे वाचन घेतले, बाजार मात्र मागेच ठेवला. वेरूळला लेणी पाहण्यास येणाऱ्या पर्यटकांसमोर मराठवाड्यातील जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांना वर्षातून आठ दिवस जरी हक्काची जागा मिळाली, तरी या योजनेला नवे बळ येईल.

आता संगणकावर सारे मिळते, मग दुकान कशाला, असा प्रश्न तरुण मित्र विचारतात. मिळते हे खरे. पण मधला दलाल मोठा झाला की काय होते, याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. दुर्मिळ ग्रंथांच्या विक्रीचे 'एबबुक्स' हे जागतिक संकेतस्थळ २००८ मध्ये 'अॅमेझॉन'ने घेतले. २०१८ मध्ये त्याने काही देशांतील विक्रेत्यांना वगळण्याचे ठरविताच २७ देशांतील सुमारे सहाशे विक्रेत्यांनी आपली लाखो पुस्तके विक्रीतून काढून घेतली आणि कंपनीला नमते घ्यावे लागले. आपापल्या गावी स्वतंत्रपणे व्यवसाय करणारी ही माणसे आपल्या देशातील वगळलेल्यांसाठी नव्हे, तर परक्या देशांतील व्यवसायबंधूंसाठी उभी राहिली. संघटित सज्जनशक्तीचे यापेक्षा बोलके उदाहरण कोणते?

आपल्याकडील विक्रेत्याला इतके बळ नाही. म्हणून ग्राहकानेच काही पथ्ये पाळावीत. विक्रेत्याशी थेट व्यवहार करावा. दूरच्या गावचा असेल तर टपालाने पुस्तक मागवावे. नोंदणीकृत पुस्तक-टपाल सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाल्याने हे लोक अडचणीत आले होते. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने 'ज्ञान पोस्ट' सुरू केली. आरंभी तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असा ठरला. घेण्यापूर्वी पाने मोजावीत, आवृत्ती पाहावी. ग्रंथालयाचा शिक्का असून ते रद्दबातल केल्याची खूण नसेल तर पुस्तक घेऊ नये. ते चोरीचे असू शकते. नव्या लोकप्रिय पुस्तकांच्या चोरट्या छपाईच्या प्रतीही 'जुने' म्हणून पदपथावर येतात. त्यांना हात लावणे म्हणजे लेखकाच्या ताटातला घास काढणे. विक्रेत्यांनीही जीर्ण दिसणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला 'दुर्मिळ' म्हणून अवाच्या सवा किंमत लावू नये. आणि संग्राहकांनी पहिली आवृत्ती कुलपात ठेवून मिरवू नये; अभ्यासकाला ती निदान पाहू द्यावी.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य घरच्यांचे. आपल्या वडिलधाऱ्यांची पुस्तके काढण्याची वेळ आली, तर रद्दीवाल्याला बोलावण्यापूर्वी गावातील जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला आणि जवळच्या ग्रंथालयाला एक निरोप द्यावा. त्यासाठी पदरचा पैसा लागत नाही, चार दिवसांचा धीर लागतो. गुरुजींच्या घरी तो कोणी दाखविला नाही. पोत्यांत गेलेल्या उरलेल्या पुस्तकांत काय होते, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

त्या दिवशी मी तीनशे रुपये मोजून पुस्तिका घेतली. संतापलेले स्नेही कोपऱ्यावर थांबले होते. "बघू तरी," म्हणत त्यांनी ती हाती घेतली आणि रस्त्यातच उभे राहून वाचू लागले. ती अजून त्यांच्याकडेच आहे. मागितली की म्हणतात, "थांबा हो, वाचून होऊ द्या."