आज्ञा चालविण्यापूर्वी

मजकुरात वारंवार येणारे शब्द मोजण्याचा प्रश्न १९८६ साली डोनाल्ड कनूथ यांनी कित्येक पानांच्या प्रोग्रॅमने सोडविला. त्याचे परीक्षण करताना डग्लस मॅकिलरॉय यांनी प्रोग्रॅमचे गुण मान्य केले. पण तेच काम युनिक्सच्या सहा आज्ञांत होते, हेही दाखविले. शब्द सुटे करणे, अक्षरे लहान करणे, क्रम लावणे, मोजणे, संख्येनुसार पुन्हा क्रम लावणे आणि हवे तेवढेच ठेवणे; एका आज्ञेचे फलित दुसरीच्या हाती!

अशा आखूड आज्ञांचे सामर्थ्य निर्विवाद आहे. तथापि त्या कोठून तरी उचलून न वाचता चालविण्याची सवय घातक होय. ‘आरएम’ ही आज्ञा पुसलेली फाइल परत देत नाही. नावात एक रिकामी जागा चुकून पडली, तरी भलतेच पुसले जाते. म्हणून पुसण्यापूर्वी त्याच खुणेने नावांची यादी पाहावी, लांबलचक साखळीची एकेक कडी सुटी चालवून पाहावी. नवशिक्यांकडून ओळी पाठ करून घेण्यापेक्षा हे शिकविणे अधिक अगत्याचे आहे. मॅकिलरॉय यांच्या सहा आज्ञांचे मोल त्यांच्या आखूडपणात नाही. प्रत्येक आज्ञा काय करते, हे लिहिणारा जाणत होता, यात आहे.