प्राग की व्हिएन्ना? जिचं तिनं ठरवावं!

आजकाल तालुक्याच्या गावातसुद्धा प्रत्येक गल्लीत एखाददुसरं घर असं सापडतंच, ज्यांची लेक नाहीतर लेक-जावई परदेशात आहेत. मग कधी बाळंतपणासाठी, कधी नुसतंच ‘ये ना गं आई’ म्हणून आईला बोलावणं येतं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला यांनी बॅगा भरतात आणि आयुष्यात पुण्या-मुंबईपलीकडे फारशी न गेलेली बाई विमानात बसते. फार कौतुकाची गोष्ट आहे ही! पण तिथे पोचल्यावर लेक विचारते, ‘‘आई, चार दिवस रजा काढते, कुठे जाऊया?’’ आणि आई म्हणते, ‘‘मला काय, कुठेही चालेल.’’

मैत्रिणींनो, आज मला या ‘कुठेही चालेल’बद्दलच बोलायचं आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या मोठ्या जाऊबाई आणि मी तीन आठवडे म्युनिकला होतो. त्यांची लेक, म्हणजे माझी पुतणी, तिथे नोकरी करते. तिची चार दिवसांची रजा मंजूर झाली आणि तिने दोन नावं समोर ठेवली. प्राग किंवा व्हिएन्ना. पहिली चेक प्रजासत्ताकाची राजधानी, दुसरी ऑस्ट्रियाची. व्हिसाचा प्रश्न नव्हता. चेक प्रजासत्ताक २००७ साली शेंगेनमध्ये आलं, त्यामुळे जर्मनीसाठी काढलेला एकच व्हिसा दोन्हीकडे चालतो. प्रश्न होता फक्त निवडीचा.

झालं! गावाकडून फोनवर सल्ले सुरू. मोठे भाऊजी म्हणाले, ‘‘एकच कशाला? दोन्ही करा ना!’’ आमचे हे म्हणाले, ‘‘व्हिएन्नाच बरं. थेट गाडी आहे, शहर सपाट आहे, वहिनींचे गुडघे दुखतात.’’ म्युनिकमध्ये आम्ही तिघी बायका आणि निर्णय घेणार दोन पुरुष, तेही हजारो किलोमीटरवरून!

आधी ‘दोन्ही करा’चा हिशोब बघू, कारण हा मोह बहुतेकांना होतो. म्युनिकहून व्हिएन्नाला रेल्वेने चार तास. प्रागला जवळजवळ सहा. प्राग ते व्हिएन्ना पुन्हा चार. म्हणजे चार दिवसांतले चौदा तास रेल्वेतच जाणार. शिवाय सामान बांधणं, सोडणं, नवीन हॉटेल शोधणं हे वेगळंच. हातात उरतो प्रत्येक शहरात जेमतेम एक दिवस. ताट वाढून होतंय तोवर हात धुवायची वेळ! दहा दिवसांत सहा-सात देश दाखवणाऱ्या सहलींचंही हेच होतं. त्या सहलींना मी नावं ठेवत नाही. भाषेची भीती नाही, आपल्या चवीचं जेवण मिळतं, सोबत मिळते, एकट्या बाईला ते फार मोलाचं असतं. पण ज्यांना राहायला घर आहे, घेऊन जायला माणूस आहे, त्यांनी चार दिवसांत एकच शहर बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरं राहिलं तर राहिलं. जगात सगळंच कुणाचं बघून होतं?

आता मला स्वतःला विचाराल, तर माझं मन व्हिएन्नात होतं. राजवाड्यांसाठी नव्हे बरं का! राजवाडे तिथे आहेतच. शॉनब्रुन आहे, होफबुर्ग आहे. सोळा मुलांना जन्म देऊन चाळीस वर्षं राज्य चालवणाऱ्या मारिया थेरेसाच्या खुणा गावभर आहेत. पण मला ओढ होती ती दुसऱ्याच गोष्टींची.

पहिली म्हणजे पाणी. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत बायकांची अर्धी सकाळ जाते. पाण्याच्या प्रश्नावर मी बारा-पंधरा वर्षं नगरपालिकेचे उंबरे झिजवले आहेत. आणि व्हिएन्नाच्या नळाला १८७३ सालापासून आल्प्सच्या डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं! ते पाणी ओंजळीत घेऊन प्यायचं होतं मला.

दुसरी म्हणजे तिथला कार्ल मार्क्स होफ. नगरपालिकेने कामगारांसाठी बांधलेली ही वसाहत १९३० साली खुली झाली. एक किलोमीटरहून लांब इमारत, १,३८२ घरं. नुसती घरं नव्हेत, तर आवारात बालवाड्या, न्हाणीघरं आणि सगळ्यांसाठी कपडे धुण्याची सामाईक सोय. घर बांधताना बाईच्या पाठीच्या कण्याचा विचार नव्वद-शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी केला होता! आजही व्हिएन्नाची जवळजवळ निम्मी माणसं नगरपालिकेच्या किंवा सरकारी मदतीने बांधलेल्या घरांत राहतात.

आणि तिसरं, स्वयंपाकघर. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो, त्याची आजी व्हिएन्नाच्या मुलीने जन्माला घातली. तिचं नाव मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की. १८९७ साली जन्मलेली ही वास्तुरचनाकार. १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या घरकुलांसाठी तिने असं छोटं स्वयंपाकघर आखलं, की बाईला उगाच फेऱ्या माराव्या लागू नयेत. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बसवली गेली. त्याची हुबेहूब प्रतिकृती व्हिएन्नाच्या कलावस्तूंच्या संग्रहालयाकडे आहे. जिने आयुष्यभर ओट्यापाशी उभं राहून पाय दुखवून घेतले, तिला हे तीर्थक्षेत्रच की!

एवढं सगळं मी ताईंना, म्हणजे जाऊबाईंना, भरभरून सांगितलं. त्या नेहमीप्रमाणे म्हणाल्या, ‘‘मला काय गं, तुम्ही न्याल तिथे.’’ पुतणी तिकिटं काढायला बसलीसुद्धा. पण तिने जाता जाता प्रागची माहितीही मोबाइलवर वाचून दाखवली. नदीवरचा जुना चार्ल्स पूल, ज्याचं काम १३५७ साली सुरू झालं. १४१० सालापासूनचं खगोलीय घड्याळ. टेकडीवरचा किल्ला. आणि पिंकास सिनॅगॉग, ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ, जिथे छळछावण्यांत मारल्या गेलेल्या जवळजवळ ऐंशी हजार ज्यूंची नावं भिंतींवर लिहिली आहेत, आणि वरच्या मजल्यावर तेरेझीन या बंदिस्त वस्तीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत.

ताई एकदम म्हणाल्या, ‘‘मला ती चित्रं बघायचीत.’’

आम्ही दोघी बघतच राहिलो. लग्न होऊन या घरात येऊन मला पंचवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत ‘मला अमुक हवं’ हे वाक्य ताईंच्या तोंडून मी ऐकलेलं नव्हतं. साडी घ्यायची तर ‘कुठलीही दे’, भाजी करायची तर ‘मुलांना आवडेल ती’. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा त्या उत्तम गुणांनी पास झालेल्या. पुढे चित्रकला शिक्षक व्हायचं होतं, पण घरच्यांनी लग्न लावून दिलं. मग गावात बालवाडी चालवली, बावीस वर्षं. पाटीवर, जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर किती पोरांचे हात त्यांनी गिरवून घेतले असतील! तर त्यांना ती चित्रं बघायची होती, त्यात नवल ते काय?

पण घरच्यांना नवलच वाटलं. पुन्हा फोन. गाडीला दोन तास जास्त. रस्ते दगडी, चढाचे. तिथे युरो नाही, कोरुना नावाचं वेगळं चलन. ‘‘आणि चित्रंच बघायची तर व्हिएन्नात काय कमी संग्रहालयं आहेत?’’

इथेच माझं म्हणणं आहे. बाईने एखादी इच्छा बोलून दाखवली, की तिला कारण विचारलं जातं. पुरुष म्हणाला, ‘मला गोव्याला जायचंय’, तर तेवढं पुरतं. बाई म्हणाली, तर तिने ते खर्चात, वेळेत, गुडघ्यांत आणि मुलांच्या परीक्षेत बसवून दाखवायचं. ‘मला बघायचंय’ हे कारण पुरेसं का नाही? व्हिएन्नाच्या बाजूने बोलायला मी होते. मला सभेत बोलायची, अर्ज करायची, भांडायची सवय आहे. ताईंच्या बाजूने ताईच होत्या, तेही पहिल्यांदाच. म्हणून मीच म्हटलं, प्राग. दोघींच्या दोन इच्छा असल्या तर एकीचं शहर मागे राहणारच. त्यात कुणी मोठेपणा मिरवायचं कारण नाही.

आणि मैत्रिणींनो, प्रागने आम्हाला काही कमी दिलं नाही. पूल आम्ही सकाळी सहाला पाहिला. तेव्हा तिथे फक्त पुतळे, नदी आणि आम्ही. दहानंतर म्हणाल तर आषाढीची गर्दी! चढ ट्रामने चढलो. दर अर्ध्या तासाला बाकावर बसलो. गुडघे जागच्या जागी राहिले.

पिंकासमध्ये मात्र आम्ही अर्धा दिवस घालवला. कम्युनिस्ट राजवटीत हे स्मारक १९६८ नंतर बंद पडलं होतं. भिंतींवरची नावं नष्ट झाली. १९९० नंतरच्या वर्षांत ती सगळी पुन्हा एकेक करून हाताने लिहिली गेली. वर मुलांची चित्रं. त्यांना शिकवणारी बाई होती फ्रीडल डिकर-ब्रांडाइस. तिला तेरेझीनला पाठवलं गेलं, तेव्हा तिथे तिने मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेतले. मिळेल त्या कागदावर, असतील त्या रंगांत. चित्रावर ती मुलांना नाव घालायला लावायची. १९४४ मध्ये तिची रवानगी ऑशविट्झला झाली. ती परत आली नाही, बहुतेक मुलंही वाचली नाहीत. पण जाण्याआधी तिने सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून ठेवली होती. ती वाचली. फुलं, फुलपाखरं, घरं.

ताई एका घराच्या चित्रापुढे कितीतरी वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘‘या वयाची पोरं घर असंच काढतात गं. आपल्याकडचीसुद्धा.’’ नंतर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आणखी एक सांगते. ही फ्रीडल जन्माने व्हिएन्नाची! आणि म्युनिकला परतल्यावर पुतणीने पर्समधून ऑस्ट्रियाचं दोन युरोचं नाणं काढून दाखवलं. त्यावर बर्था फॉन सुटनर. १९०५ साली शांततेचं नोबेल मिळालेली ही पहिली स्त्री. ती राहिली आणि गेली व्हिएन्नात, पण जन्मली प्रागमध्ये, १८४३ साली. म्हणजे एका शहराला गेलं, की दुसऱ्याची ओळख थोडीफार होतेच.

तेव्हा तुमच्यापैकी कुणापुढे ही निवड आली, तर माझं सांगणं एवढंच. शांत बसून, कॉफी पीत, नगररचना आणि संग्रहालयं बघायची आवड असेल, चालणं कमी हवं असेल, तर व्हिएन्ना. जुन्या गल्ल्यांतून भटकायचं, पूल, घड्याळ, इतिहासाच्या जखमा बघायच्या, तर प्राग. प्रागला जाताना तळवा जाड असलेले बूट घ्या, थोडे कोरुना जवळ ठेवा आणि पिंकास शनिवारी बंद असतं हे लक्षात ठेवूनच दिवस ठरवा.

पण त्याहून आधी एक काम करा. कागदावर एकच ओळ लिहा, ‘मला अमुक बघायचं आहे.’ तीर्थयात्रा असो, कोकण असो की युरोप. आणि लेकींनो, आई ‘कुठेही चालेल’ म्हणाली, तर तेवढ्यावर तिकिटं काढू नका. तिला दोन्ही ठिकाणांची माहिती नीट वाचून दाखवा. मग पुन्हा एकदा विचारा, आणि उत्तर यायला जरा वेळ लागला तर थांबा.