द्राक्षवलयांची वाट

माघ महिन्यात आमचे सारे कुटुंब चार दिवस हवापालटासाठी लोणावळ्यास गेले होते. लहानमोठी मिळून अकरा माणसे. तिसऱ्या दिवशी रात्री पाने मांडली असता पुतण्याने हळूच विषय काढला, "काका, उद्या द्राक्षांच्या मळ्यावर जाऊ या का? तेथे वाईन कशी करतात ते दाखवितात." पंक्तीत एकदम शांतता पसरली. आमच्या घरात हा शब्द आजवर मोठ्याने कोणी उच्चारला नव्हता. सौ.चा वाढता हात थांबला. वहिनींकडे पाहण्याचा मात्र कोणास धीर होईना. अखेर त्याच म्हणाल्या, "जाऊ या की. पाहण्याने कोणाचे काय जाते?"

योगायोग असा की, त्याच सकाळी आम्ही कार्ल्याची लेणी पाहून आलो होतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेला तेथील चैत्य आपल्या देशातील कोरीव चैत्यांत सर्वांत मोठा. त्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे आहेत आणि त्यांत धेनुकाकट गावचे यवन अनेक आहेत. नातीने विचारले, "आजोबा, हे यवन आपल्याकडे काय आणीत?" मी म्हणालो, "सोन्याची नाणी, काच, प्रवाळ आणि इतर जिन्नस." त्या 'इतर जिनसां'त काय होते हे मला पक्के ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक नाविकग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत द्राक्षमद्य आहे, आणि इटलीच्या मद्यास विशेष मागणी असे, असेही नमूद आहे.

त्या रात्री मला झोप लागेना. संस्कृताचा शिक्षक म्हणून तीसहून अधिक वर्षे मी रघुवंशाचा चौथा सर्ग शिकविला. पारसीकांना जिंकल्यावर रघूचे सैनिक द्राक्षवलयांच्या भूमीवर बसून मद्याने श्रमपरिहार करतात, असा तेथे एक श्लोक आहे. तो मी दरवर्षी गाळीत असे. "हा परीक्षेस येत नाही," एवढे म्हणून पुढे जात असे. पाणिनीने कापिशी नगरीच्या मधूसाठी स्वतंत्र सूत्र केले, कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्याचे वर्णन केले, चरकाने त्याचे गुणदोष सांगितले. आमच्या पूर्वजांना ज्या गोष्टीचे नाव घेण्यास संकोच वाटला नाही, ते घेण्यास मी कचरत होतो. सकाळी गाडीत बसताच मी नातीस ही सारी हकीकत सांगून टाकली.

मावळात द्राक्षमळा का नाही, हा तिचा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर वाटेनेच दिले. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ही भूमी भाताची. अलीकडे तळेगावच्या बाजूस काचघरांसारख्या मांडवांत गुलाब पिकतो. द्राक्षास मात्र पानावर साचलेला ओलावा सोसत नाही; लागलीच बुरशी धरते. पुण्यास पाऊस सातशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि सोलापूरच्या वाटेने दौंड-पाटसकडे जावे तो आणखी कमी. सव्वाशे-दीडशे किलोमीटरांत भाताचा मुलूख संपून द्राक्षाचा लागतो. मांजरीस द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तेही याच वाटेवर.

पाटसच्या पुढे एका मद्यशाळेत आम्ही पोहोचलो तेव्हा तोडणी चालू होती. तेथील मुलीने फार नेटके समजावून दिले. थंड देशांत वेल हिवाळ्यात निजते. आपल्याकडे ती निजत नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावे लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरत आल्यावर गोडी छाटणी. घड जानेवारीपासून मार्चपर्यंत उतरतात. ही द्राक्षे आपण खातो त्या थॉम्पसनसारखी नव्हेत. मणी लहान, साल जाड आणि आत बिया. रंग बहुधा सालीत असतो, रसात नव्हे. म्हणून तांबड्या वाईनसाठी रस सालीसकट आंबवितात आणि पांढरीसाठी साल आधीच वेगळी करतात. यीस्ट साखर खाते व तिचे मद्यार्क आणि वायू करते. कौटिल्याचे 'किण्व' ते हेच काम करणारे. तयार वाईनमध्ये शेकडा १२ ते १४ मद्यार्क असते. आपल्या घरातील द्राक्षासवाची बाटली पाहा. तीवरही आपोआप उत्पन्न झालेल्या मद्यार्काचा उल्लेख छापलेला आढळेल. भेद आहे तो चमच्याचा आणि पेल्याचा.

या धंद्याचा इतिहासही चढउताराचा आहे. आपल्याच जिल्ह्यात नारायणगावी शामराव चौगुले यांनी १९८० नंतरच्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांच्या साह्याने फेसाळणारी वाईन केली व ती परदेशी धाडली. पुढे तो पसारा कर्जाखाली कोसळला. नाशिकच्या मद्यशाळांचा उत्कर्ष २००० नंतरचा. राज्य सरकारचे त्यासंबंधीचे धोरण २००१ चे. २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा केवढा गदारोळ उठला हे वाचकांस स्मरत असेलच. शेतकऱ्याचा लाभ एका पारड्यात, संसाराची हानी दुसऱ्यात. दोन्ही पारडी खरी आहेत.

शेवटी चव पाहण्याचा प्रसंग आला. या राज्यात वाईनसाठी एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, तेव्हा मुलांना द्राक्षे मिळाली. गाडी माझा मुलगा चालविणार, म्हणून त्याने पेल्यास हात लावावयाचा नाही हे निघतानाच ठरले होते. पुतण्याने पेला उचलला. वहिनींनी विचारले, "बाळ, किती घेणार?"

"एवढेच, आई."

"तुझे बाबाही 'एवढेच' म्हणत असत."

त्यापुढे त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. पुतण्याने माझ्याकडे पाहिले. माझे वडील बंधू गेले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्यास आम्ही कावीळ सांगितली होती, आणि ती तीस वर्षे तशीच चालू ठेवली होती. त्याने पेला खाली ठेवला. परतीच्या वाटेवर तो माझ्या शेजारी येऊन बसला. पुणे येईपर्यंत मी त्यास सारे सांगितले: दादांची हुशारी, कपाटातील बाटली, वहिनींनी मोडलेले दागिने. त्याने एकच विचारले, "काका, मला इतकी वर्षे कोणी का सांगितले नाही?" मजजवळ उत्तर नव्हते. दादांच्या आजारापेक्षा घराच्या अब्रूची आम्हांस अधिक काळजी होती, हेच खरे उत्तर. ते मी दुसऱ्या दिवशी त्यास दिले.

वाचकांपैकी कोणी त्या वाटेने जाणार असतील तर त्यांनी अवश्य जावे. माघ-फाल्गुनात जावे, म्हणजे घड वेलीवर दिसतात. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की, मद्याचे निखालस निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. तेव्हा घ्यावे की न घ्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र घरातील तरुणांना आपल्या कुळाचा इतिहास निघण्यापूर्वीच सांगावा. आम्ही तो मद्यशाळेच्या दारात सांगितला, हा आमचा दोष.

घरी आल्यावर मी नातीस रघुवंशाचा चौथा सर्ग शिकविण्यास आरंभ केला. वहिनी शेजारी वाती वळीत बसल्या होत्या. द्राक्षवलयांचा श्लोक आला, तेव्हा मी अंमळ थांबलो. त्या म्हणाल्या, "वाचा भावोजी, थांबलात का?"