लागूनची जागा म्हणून दीडपट भाव कशाला?



घराला लागून कुणाची पडीक जागा विकायला निघाली की गाव एकच सांगतं, "लागूनची पुन्हा मिळत नाही, काय वाट्टेल ते करून घे." विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. म्हणून दुसऱ्याला जो भाव, त्याच्या दीडपट तुम्हाला. माझं मत स्पष्ट आहे, हा सल्ला शेतकऱ्याला कर्जात घालतो.

हिशेब मांडा. 10 गुंठे, गुंठ्याला 1 लाख, म्हणजे 10 लाख. कर्ज 10 टक्क्यानं धरलं तरी वर्षाला 1 लाख नुसतं व्याज. तिथं सोयाबीन एकरी 10 क्विंटल उतरलं, तर 10 गुंठ्यांत अडीच क्विंटल. 2025-26 चा हमीभाव 5,328 मिळाला तरी 13,320 रुपये. बियाणं, खत, काढणी अजून वजा व्हायचीय. मग व्याज कोण भरणार? तुमचं जुनं रानच.

"पिकाला नाही, वाटेला घेतोय" म्हणता? शेताची वाट अडली असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे बांधावरून वाट मागता येते. आधी तो अर्ज करा.

"शेजारीच आहे, कागद काय बघायचे?" हा दुसरा घोळ. गावठाणातली जागा असेल तर नमुना 8 हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. शेतजमीन असेल तर सातबाऱ्यावरचे इतर हक्क, जुने फेरफार, बहिणींची नावं बघा. वर्ग 2 असेल तर परवानगीचं आधी विचारा. आणि सरकारी मोजणी झाल्याशिवाय इसार देऊ नका.

आता कुणी न सांगणारी गोष्ट. शेतीचीच जमीन तुकडा म्हणून नोंदलेली असेल, तर 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानं ती सहसा लगतच्या खातेदारालाच विकता येते. म्हणजे गिऱ्हाईक तुम्हीच. अडलाय तो, तुम्ही नाही. मग जास्तीचा भाव कशाचा?

मी घेऊच नका म्हणत नाही. गोठ्याला, पोराच्या घराला जागा लागतेय आणि पैसा गाठीला आहे, तर चालू भावानं जरूर घ्या. पण दागिने मोडून, सोसायटी थकवून घेतलेली जागा राखायला पुढं जुनं रान विकावं लागतं. जागा लागूनची आहे, पण हप्ताही जन्माचा लागून येतो.