वजनकाट्याला न दिसणारे

‘आमचा मुलगा सडपातळ; त्याला कसला मधुमेह?’ या समजुतीत निर्धास्त राहू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा बीएमआय २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! अशी चरबी पोटात साठली की इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. म्हणून घरात मधुमेहाचा वारसा असल्यास पंचविशीतल्या सडपातळ मुलामुलींचेही रक्त तपासून घ्यावे. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ मि.ग्रॅ. किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के आढळल्यास ती मधुमेहपूर्व अवस्था समजावी. आहार-व्यायामाने माघारी वळणे याच टप्प्यावर सर्वाधिक सुकर असते.