पिसवेची ओळखपरेड

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेगने ठाण मांडले, तेव्हा सरकारी अंमलदारांच्या हुकुमाने घरे धुतली गेली व चीजवस्तू जाळल्या गेल्या, परंतु या साऱ्या बंदोबस्तातून उंदरावरची पिसू मात्र बिनबोभाट निसटली. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमों यांनी तिच्यावरचा प्लेग पसरविण्याचा आरोप प्रयोगाने सिद्ध केला, तरी विद्वन्मंडळींनी तो मानण्यास बरीच वर्षे घेतली. पुढे असे दिसून आले की उंदरावरच्या सर्वच पिसवा सारख्या अपराधी नसतात. झेनोप्सिला चिओपिस ही जात या कामी निष्णात, तर तिची सख्खी भगिनी शोभणारी अ‍ॅस्टिया त्या मानाने बरीच निरुपद्रवी, आणि दोघींतला भेद नुसत्या डोळ्यांना कदापि उमगावयाचा नाही. त्यासाठी पिसवेचा देह कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवून पारदर्शक करावा, कॅनडा बाल्समात काचपट्टीवर बसवावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मादीच्या उदरातील, नराचे शुक्र साठविणाऱ्या चिमुकल्या पिशवीचा आकार न्याहाळावा, तेव्हा कोठे निकाल लागतो. पटकीपासून प्लेगपर्यंतच्या आमच्या सार्वजनिक चिंतेत अशा निरलस नेत्रकष्टांची किंमत आम्ही फारशी केली नाही, असे मला वाटते. त्याच भिंगाने १९१४ साली बॅकॉट व मार्टिन यांना पिसवेच्या जठराच्या तोंडाशी, तेथील बारीक काट्यांत प्लेगजंतूंचा घट्ट बोळा अडकलेला दाखविला, ज्यायोगे भुकेने व्याकूळ झालेली पिसू पुनःपुन्हा दंश करते आणि गिळता न आलेले रक्त जंतूंसह जखमेत परत ओकते.